न वाजलेली सुपारी

सुपारी सोलायच्या आधी ती कानाशी धरून हलवायची असते. महिना-दीड महिना उन्हात पडून साल वाळलं की आतली गोटी सालापासून सुटते आणि हलवल्यावर वाजते. वाजली की सोलायला घ्यायची. नाही वाजली तर परत उन्हात. आईनं मला हे शिकवलं तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि माझी चौथी झाली होती. तेव्हापासून दरवर्षी होळीनंतर हे काम सुरू होतं आणि मिरगाच्या तोंडाशी संपतं. आता मला ते काम करतेय असं वाटतही नाही. हात कानाकडे जातो, हलतो, खाली येतो. अंगठ्याचं नख काळं पडतं ते गणपती येईपर्यंत काळंच राहतं.

यंदाही खळ्यात असोली सुपारी पसरली आहे. सालासकट असते तिला आम्ही असोली म्हणतो. थोडी आमच्या झाडांची, बाकी शेजारच्या वाडीवाल्यांची, सोलायला आलेली. वादळात दिवेआगरच्या वाड्या आडव्या झाल्या, त्यातून जी झाडं उभी राहिली ती आता जास्तच उंच वाटतात. आजूबाजूला कुणी नाही म्हणून असेल. मधल्या नव्या रोपांना अजून काही धरत नाही. सुपारीला वेळ लागतो.

परवा बोर्ली पंचतनचे हसनभाई आले. ते सुपारीचे व्यापारी. त्यांचे वडील माझ्या सासऱ्यांकडून माल घ्यायचे, आता ते आमच्याकडून घेतात. दारात चप्पल काढून ओसरीवर बसले, पाणी प्याले, सुपारीकडे बघितलंच नाही.

"वयनी, एक इचारायचं होतं. मालाचं न्हाय."

"बोला की."

"आमची जोया. नात माझी. बारावी झाली, माशाल्ला चांगले मार्क हायत. ती म्हणते मला मनाचं शिकायचं. तुमची दर्शना तेच शिकते ना? मग ह्ये बीए घ्यायचं का बीएस्सी? घरात रोज भांडाण. पोरीचा बाप कतारवरनं फोनवर ओरडतो, आई हितनं ओरडते. मी म्हटलं, थांबा, मी वयनींना इचारून येतो."

मी पदर सारखा केला. सुपारी सोडली तर मला कुणी काही विचारत नाही. लग्नकार्यात सुद्धा मी मागे भाजी चिरायला बसते, म्हणजे कुणाला विचारावं लागत नाही. आणि हे सत्तरीचे गृहस्थ उन्हातून मला विचारायला आले होते, बीए का बीएस्सी.

"विचारून सांगते," एवढंच बोलले.

ते गेल्यावर खूप वेळ हातात एकच सुपारी होती.

दर्शनाचं ठरलं त्या वर्षीचा मे महिना असाच होता. दोन वर्षं झाली. असाच घामट, असाच नारळाच्या झावळ्या हलत नाहीत असा. दर्शनाचा बारावीचा निकाल लागला होता. ती सायन्सला होती. आमच्या आळीतली ती पहिलीच मुलगी. दोन वर्षं सकाळच्या एसटीनं तालुक्याला जायची, संध्याकाळी यायची, आणि मी तिचा पांढरा कोट धुवायचे. प्रयोगाच्या तासाला घालतात तो. दोरीवर तो एकटाच वेगळा दिसायचा. बाकी लुगडी, टॉवेल, ह्यांचा खाकी शर्ट. हे रिक्षा चालवतात, दिवेआगर-बोर्ली. मी तो कोट मुद्दाम रस्त्याच्या बाजूला वाळत घालायचे. हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही. हळदीकुंकवाला एकीनं विचारलं होतं, पोरगी काय करते? मी म्हटलं, सायन्सला आहे. भरल्या घरात मी आपणहून मोठ्यानं बोललेलं तेवढंच एक वाक्य असेल.

हेही मी तिच्याच वहीत लिहितेय. जीवशास्त्राचं जर्नल आहे. त्यात एक पान रेघांचं आणि समोरचं कोरं, चित्र काढायला. अर्धं जर्नल तसंच राहिलं होतं. मी रेघांच्या पानावर लिहिते, कोरं सोडून देते. सुरुवातीच्या पानांवर तिची चित्रं आहेत, पेन्सिलीनं काढलेली. एक कांद्याच्या पापुद्र्याचं आहे. विटांची भिंत असते तसं. प्रत्येक विटेत एक ठिपका.

त्या चित्रावर मी फार वेळा बोट फिरवलंय. माझ्या माहेरच्या वाडीत शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीला खाडीपलीकडे जावं लागे. माझी मैत्रीण कुसुम गेली. ती पुढे एकदा सुट्टीत सांगत होती, तिथे एक नळी आहे, तिच्यातून कांद्याचा पापुद्रा बघितला की विटांची भिंत दिसते. मी घरी येऊन कांदा सोलला, पापुद्रा उजेडाला धरला, एक डोळा मिटून बघितलं. काही दिसलं नाही. डोळ्याला पाणी आलं ते कांद्याचं. मला पाचवीला जायचंय का, हे मला कुणी विचारलं नव्हतं. नाही जायचं असंही कुणी म्हणालं नव्हतं. जून महिना आला, कुसुमची आई तिला घेऊन होडीत बसली, आणि माझ्या आईनं माझ्यापुढे राहिलेल्या सुपारीची टोपली ठेवली.

दर्शनाला मनाचं शिकायचं कुठून सुचलं, हे विचारलं तर मी आबांचं नाव घेईन. आबा म्हणजे माझे सासरे. वादळ आलं तेव्हा ती आठवीत होती. दुपारी दोन-तीन तासांत सगळी वाडी पडली. आबांनी लावलेली झाडं, त्यांच्या वडिलांनी लावलेली झाडं. दुसऱ्या दिवसापासून आबा बोलायचे बंद झाले. सकाळी चहा घ्यायचे आणि जाऊन एका पडलेल्या खोडावर बसायचे. जेवायला हाक मारली की यायचे, परत जायचे. ओंडके उचलून नेले तरी ते त्याच जागी जाऊन बसायचे, मातीत. लोक म्हणाले, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. कुणी म्हणालं अंगारा लावा. मीही लावला.

दर्शना त्यांच्याजवळ जाऊन बसायची. काही बोलायची नाही. साथीमुळे शाळा तेव्हा बंदच होत्या. कधी गजगे खेळायची एकटीच, कधी नुसती बसायची. मी ओरडायचे, की घरात कामं पडलीत. ती म्हणायची, "आले गं." आणि यायची नाही. असे दोन-तीन महिने गेले असतील. एक दिवस मी पाणी द्यायला गेले तर आबा बोलत होते. कुठलं झाड कुणी लावलं, कुठल्याला पहिला शिपुट, म्हणजे सुपारीचा घड, कधी आला, असं एकेक बोट दाखवून सांगत होते. तिथे झाड नव्हतं. दर्शना त्या बोटाकडे बघून मान हलवत होती. मी पाणी तसंच घेऊन परत आले.

आबा त्यानंतर दोन वर्षं होते. बोलायचे. जेवायचे. गेले तेही झोपेत, शांतपणे. तिनं काय केलं हे मी तिला विचारलं नाही. ती म्हणाली होती एकदा, "मी काही नाही केलं गं आई. मी नुसती होते."

तर त्या मे महिन्यात ती खळ्यात आली. हातात दोन कागद होते, बोर्लीहून प्रिंट काढून आणलेले. मी पाटाला ठोकलेल्या पात्यापुढे बसले होते. दक्षिणेकडून ढग चढत होते. मांडव्याहून मुंबईला जाणाऱ्या लाँच बंद झाल्या, असं सकाळीच कुणीतरी सांगत होतं. म्हणजे समुद्र फिरला. चार टोपल्या सोलायच्या राहिल्या होत्या, ओल्या झाल्या असत्या तर गेल्याच.

"आई, वेळ आहे तुला?"

"बोल. हात चालू आहेत, कान रिकामे आहेत."

ती उकिडवी बसली. दोन्ही कागद मांडीवर घेतले. म्हणाली, मानसशास्त्र दोन्हीकडे आहे. एक बीएस्सी, मुंबईला. त्यात मेंदू जास्त, आकडेशास्त्र, प्रयोगशाळा. दुसरं बीए, अलिबागच्या बाजूला, मावशीकडे राहून करता येईल. त्यात समाज आहे, माणसं आहेत, जोडीला मराठीही घेता येतं. पुढे एमएला दोन्हीकडून जाता येतं. तिनं बोट ठेवून ठेवून सांगितलं. मला आठवतं, एका कागदाचा कोपरा तिनं दुमडला होता. बीएच्या. तिला एखादं पान आवडलं की ती कोपरा दुमडते, लहानपणापासून.

मी बघितलं तो कोपरा. बघितला आणि सुपारी पात्यावर मारली.

"आर्ट्स म्हणजे नापासांचं ना गं?" मी म्हटलं.

ती हसली. "तसं नसतं आई."

"लोक काय म्हणतील पण? दोन वर्षं सायन्स केलंस ना."

ती पुढे काही बोलली. काय बोलली ते मला खरंच आठवत नाही. ढगांकडे बघत होते. त्या घाईत मी सुपाऱ्या कानाशी न धरताच सोलत होते. टोपलीतून पात्यावर, पात्यावरून सुपात. टोपली रिकामी झाली तेव्हा बघितलं, ती उठून गेली होती.

संध्याकाळी मोठे भावजी आले, ह्यांचे थोरले भाऊ. पनवेलला असतात. ओसरीवर बसून त्यांनी दोन्ही कागद चष्म्याच्या वरून बघितले.

"सायन्स करून आर्ट्सला?" भावजी म्हणाले. "म्हणजे मांडव्यापर्यंत जायचं आन् लाँचीत न बसता माघारी फिरायचं!"

हे हसले. हे भावजींच्या सगळ्या विनोदांना हसतात.

"काका, ते मागे फिरणं नाही," दर्शना म्हणाली.

"मग काय हाय? येड्यांची डॉक्टर व्हायचं ना तुला? त्याला मुंबई कशाला, गावात कमी हायत का? ह्यो बघ, एक समोर बसलाय." म्हणून त्यांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. सगळे हसले. तीही हसली थोडी. मग भावजी गंभीर झाले. म्हणाले, "पोरगी तुमची. पण माझं इचाराल तर सायन्स सोडू नये. नाव ऱ्हातं."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दाराच्या आत उभी होते, अर्धी चौकटीआड.

"तू सांग," हे म्हणाले. "तू आई हायस. मला ह्यातलं न्हाय कळत."

दर्शनाही बघत होती. तिला ठाऊक होतं मी चारचौघांत बोलत नाही. मला वाटतं, तिचा तोच भरवसा होता. मी गप्प राहिले असते तर हे म्हणाले असते, बरं, तिला काय पायजे ते करू दे. हे तसेच आहेत. शेवटी सोडून देतात. मला फक्त गप्प राहायचं होतं, आणि ते मला जन्मभर जमत आलेलं आहे.

मी म्हटलं, "सायन्सच घेऊ दे."

आवाज मोठा आला. माझा मलाच नवा वाटला. भावजी म्हणाले, "बघ, दर्शनाची आई बोलली!" आणि सगळ्यांना त्याचंच कौतुक वाटलं. दर्शनानं कागदांची घडी घातली. "बरं," म्हणाली. दुमडलेला कोपरा तिनं सरळ केला, बोटानं दाबून दाबून.

मी तेव्हा तिच्यासाठी बोलले नव्हते. दोरीवरच्या पांढऱ्या कोटासाठी बोलले होते. खाडीपलीकडच्या त्या नळीसाठी. हे मला त्या वेळी कळलं नाही. हळूहळू कळलं, बऱ्याच दुपारी एकटीनं सोलत बसल्यावर. कळल्यावर करणार काय? तोवर ती मुंबईत होती.

लाँच बंद होत्या, म्हणून एसटीनं गेलो तिला सोडायला, माणगाववरून. हॉस्टेलची खोली तिघींची होती. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती. मी तिच्या पलंगावर चादर घातली, डब्यात पोह्याचे पापड ठेवले. बाकीच्या दोघींच्या आया इंग्रजीतून बोलत होत्या. मी दाराजवळ उभी राहिले. दर्शनाच म्हणाली, "आई, निघा आता, गाडी चुकेल." मला घाई नव्हती. मी तिथे कशी उभी आहे ते तिला बघवत नव्हतं.

त्या साली गणपतीच्या आधी हसनभाई माल घ्यायला आले होते. नेहमीसारखी मूठभर सुपारी पाटावर घेऊन अडकित्त्यानं कातरायला लागले. तीन-चार कातरल्या आणि थांबले. आत काळा डाग होता, मध्यभागी, बुरशीचा. आणखी कातरल्या. तसंच. बाहेरून काही कळत नव्हतं, वरून गोटी छान गोरी होती.

"वयनी, ह्यो माल तुमच्या हातचा न्हाय."

"माझ्याच हातचा आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. तीस वर्षांत माझ्या टोपलीत न वाजलेली, कच्ची सुपारी निघाली नव्हती. माझ्या कानाचं नाव होतं. दिवेआगरच्या बायका वाद झाला की सुपारी माझ्याकडे आणायच्या, ही वाजते का बघ गं. हसनभाईंनी ती टोपली बाजूला ठेवली आणि दुसरी बघायला घेतली. मला ती टोपली ओळखू आली. ढगांची दुपार. दोन कागद.

ती टोपली मी वाडीच्या टोकाला खड्ड्यात ओतली. पण ते सोपं होतं.

दर्शना रविवारी फोन करते. "बरं आहे," म्हणते. पहिल्या वर्षी तिचं "बरं आहे" जरा लांब असायचं. नंतर आखूड झालं. गेल्या वर्षी तिला आकडेशास्त्रात केटी लागली, विषय राहिला. ते भावजींच्या मुलीकडून ह्यांना आणि ह्यांच्याकडून मला कळलं. तिनं मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. फोनवर विचारायचे, जेवलीस का, पाणी येतं का, खोकला गेला का. ती सगळ्याला हो म्हणायची. सुपारी असती तर मी तिला परत उन्हात टाकलं असतं, एवढं मला ऐकू येत होतं. पण पोरीला काय म्हणायचं असतं ते मला कुणी शिकवलेलं नाही. दिवाळीत घरी आली तेव्हा तिनं तांदूळ निवडता निवडता नुसतं म्हटलं, "आई, पहिल्या वर्षाचं मुख्य पुस्तक दोन्हीकडे जवळजवळ सारखंच असतं. अलिबागची मैत्रीण वाचते तेच." मला वाटलं, आता पुढे काही बोलेल. ती खडे वेचत राहिली. ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. म्हणजे फार नुकसान झालं नाही. पण मला ते वाक्य महिनोन्‌महिने टोचत राहिलं. पुस्तक सारखं होतं, तर मग माझं ते मोठ्यानं बोलणं कशाला होतं?

या सुट्टीत ती आलीच नाही. केटीचा अभ्यास आहे म्हणाली. तिसऱ्या वर्षाचा फॉर्म भरलास का, असं ह्यांनी विचारलं तर म्हणाली, बघते. "बघते" हा शब्द आमच्या घरात माझा आहे. मला काही करायचं नसलं, आणि नाही म्हणायचं धाडस नसलं, की मी बघते म्हणते.

थकायला होतं. उन्हानं होतं, गुडघ्यांनी होतं, पण खरं होतं ते या न विचारलेल्याच्या ओझ्यानं. दुपारी पाठ टेकली की डोळ्यापुढे तो दुमडलेला कोपरा येतो.

आज दुपारी मी तिला फोन केला. रविवार नव्हता. हसनभाईंचं उत्तर द्यायचं होतं, ते निमित्त होतं. फोन खांद्यात धरला होता आणि पात्यावर हात चालू होते.

"आई? काय झालं?" ती घाबरून म्हणाली.

"काही नाही गं. हसनभाई आले होते. त्यांची नात जोया, तुझंच शिकायचं म्हणते. बीए घेऊ का बीएस्सी, विचारत होते. काय सांगू?"

"तिला काय पाहिजे?"

"ते नाही बोलले."

"मग आधी ते विचारा म्हणावं. तिला, एकटीला. काकांसमोर नाही, आजोबांसमोर नाही."

"बरं."

"आणि दोन्ही चांगलंच आहे, सांग. आकड्यांची भीती नसेल तर बीएस्सी. माझ्यासारखी असेल तर..." आणि तिनं ते तसंच सोडलं.

बाहेर दक्षिणेला ढग चढायला लागले होते. दोन वर्षांपूर्वीसारखेच. खळ्यात आमच्या झाडांची सगळी सुपारी उघडी होती, आणखी आठ दिवस उन्हाची गरज असलेली. उठून ताडपत्री घालायला हवी होती. शेजारच्यांची मी सकाळीच आत घेतली होती.

मी म्हटलं, "मीही तुला नव्हतं विचारलं."

फोन बंद झाला की काय म्हणून मी बघितलं. चालू होता.

"तुझा कोपरा दुमडलेला होता," मी म्हटलं. "मी बघितला होता गं. तेव्हाच बघितला होता."

तिकडे तिनं खोलीतला पंखा बंद केल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "आई, तू सोलतेयस ना? पात्याचा आवाज येतोय."

"हो."

"वेळ आहे तुला?"

मी पाट पुढे ढकलला. हातातली सुपारी खाली ठेवली. खळ्यात सावली आली होती, वारा सुटला होता, शेजारची बाई कुंपणावरून हाका मारत होती, वहिनी, सुपारी झाका, सुपारी! मी तिला हातानं नको म्हटलं. फोन खांद्यातून काढून कानाला नीट धरला, दोन्ही हातांनी.

"आहे," म्हटलं. "बोल."